‘त्याच्यासारखंच खातं हिलाही करून दे’

विचारणाऱ्या ताई म्हापशाच्या. हॉटेलांना स्वयंपाकघराची यंत्रं विकायची आणि वर्षभर त्यांची सर्व्हिस करायची, असा त्यांच्या कंपनीचा धंदा. एक ऑफिस म्हापशाला, दुसरं मडगावला. ताईंचं मूळ काम अकाउंट्सचं, पण ‘तुला कॉम्प्युटर कळतो’ म्हणून सीआरएमची, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची, अॅडमिनकीही गळ्यात पडलेली. ऑक्टोबरात सीझन उघडायच्या आत नऊ नवी माणसं कामावर येणार आहेत आणि एकेक खातं हाताने उघडायला पाऊण तास जातो. शेठ म्हणतात, जुन्या एखाद्या मुलाचं खातं डुप्लिकेट मार, नाव बदल, संपलं. तसं करू का, हा ताईंचा प्रश्न. शिवाय सोडून गेलेल्या दोघांची खाती अजून तशीच आहेत. त्यांचीच नावं बदलून नव्यांना दिली तर लायसन्सचे पैसे वाचतील का, हा पोटप्रश्न.

पोटप्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण खरं नुकसान तिथे आहे. नाही. सोडून गेलेल्याचं खातं नाव बदलून दुसऱ्याला देऊ नका, एकदाही नाही, ‘सीझनपुरतं’ म्हणूनही नाही. लायसन्सचा हिशोब साधारणपणे चालू खात्यांच्या संख्येवर असतो. जुनं खातं निष्क्रिय केलं की ती जागा मोकळी होते आणि त्याच जागेवर नवं खातं उघडता येतं. म्हणजे नाव बदलून एक रुपयाही वाचत नाही. शेठना एवढं सांगितलं की अर्धी लढाई जिंकलात.

आता नुकसान कसं होतं ते. सीआरएममधली प्रत्येक नोंद, मग तो फोन असो, भेट असो की कोटेशन, खात्याच्या आतल्या क्रमांकाला बांधलेली असते. नाव ही त्या क्रमांकावर लावलेली पाटी. पाटी बदलली की मागच्या चार वर्षांची सगळी कामं नव्या नावावर दिसू लागतात. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, स्वतः करून बसलोय. दक्षिण गोव्यातल्या एका ग्राहकाकडे, मी सीआरएमच्या कामात नवा असताना, सोडून गेलेल्या मुलाचं खातं मी नव्या मुलीच्या नावे करून दिलं. पाच मिनिटांचं काम, मालक खूश. ती जूनमध्ये लागली आणि जुलैत एका हॉटेलवाल्याचा फोन आला, ‘बाय, गेल्या वर्षी तूच लिहून दिलं होतंस ना, सर्व्हिस करारावर १५ टक्के सूट देते म्हणून?’ ती बिचारी गेल्या वर्षी कॉलेजात होती. पण सिस्टिममधून जुनं कोटेशन पुन्हा काढलं तर खाली तिचंच नाव छापून येत होतं. मालकाने तिलाच विचारलं, कुणाला न विचारता ही सूट कशी दिलीस?

ते निस्तरायला मला दोन दिवस लागले. दोघांच्या नोंदी एकाच क्रमांकावर, त्यामुळे नावावरून वेगळ्या करता येईनात. शेवटी तारखेवरून चाळल्या. तिच्यासाठी नवं खातं उघडलं, जुन्यावर जुन्याचं नाव परत लावलं आणि ती लागली त्या दिवसानंतरच्या नोंदींची मालकी तिच्या नव्या खात्याकडे वळवली. तरी एक गोष्ट राहिलीच. नोंदीचा ‘मालक’ बदलता येतो, पण ‘कुणी तयार केली’ हा रकाना सहसा बदलता येत नाही. तिने त्या दोन महिन्यांत केलेली कामं आजही त्या मुलाच्या नावावर ‘तयार’ झालेली दिसतात.

आता मुख्य प्रश्न. नऊ खाती नकलून करायची का? करा. पण नक्कल पदाची करा, त्या पदावर बसलेल्या माणसाची करू नका. यात फरक काय, तो सांगतो.

सीआरएम सेल्सफोर्स कंपनीचं असो की झोहोचं, दोन्हींत दोन वेगळ्या कल्पना आहेत आणि लोक त्यांची हमखास गल्लत करतात. प्रोफाइल म्हणजे हाताला काय करता येतं: नोंद बदलणं, काढून टाकणं, यादी बाहेर काढणं (एक्स्पोर्ट). रोल म्हणजे डोळ्यांना काय दिसतं: फक्त स्वतःचे ग्राहक, की हाताखालच्या चौघांचेही. म्हापशाचा मुलगा आणि मडगावचा मुलगा यांचं प्रोफाइल एकच असू शकतं, रोल वेगळे असतील. यातलं प्रोफाइल नकलायची सोय या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये आहे. मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्समध्ये सिक्युरिटी रोल, म्हणजे तिथला हक्कांचा गठ्ठा, कॉपी करता येतो. बघा, नकलेची सोय निर्मात्यांनी हक्कांच्या गठ्ठ्याला दिली आहे. गठ्ठा एकदा नीट बांधला की तो कितीही जणांच्या खात्याला लावा. (हा विचार सीआरएमवाल्यांचा नव्हे. १९९२ साली डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कुन या दोघा अमेरिकनांनी तो नीट मांडला. हक्क माणसाला देऊ नयेत, भूमिकेला द्यावेत आणि माणसाला भूमिका द्यावी.)

ओडूसारख्या काही सॉफ्टवेअरमध्ये मात्र आख्ख्या वापरकर्त्याचीच नक्कल करता येते. तिथे लॉगिनच्या आणि नावाच्या पुढे ‘कॉपी’ असं शेपूट लागतं. ते काढायचं लक्षात ठेवा. ग्राहकाला गेलेल्या मेलवर ‘अमुक नाईक कॉपी’ अशी सही मी पाहिली आहे. ग्राहकाने उलट उत्तर दिलं होतं, ओरिजिनल कुठे आहे?

माणसाच्या नकलेत धोका काय? कुठलंही खातं चार वर्षं वापरात राहिलं की त्याच्यावर गंज चढतो. मॅनेजर आजारी पडले म्हणून पंधरा दिवसांसाठी सूट मंजूर करायचा हक्क दिला. ऑडिटरला यादी हवी होती म्हणून एक्स्पोर्ट उघडून दिलं. एकदा चुकीची नोंद काढायची होती म्हणून डिलीट दिलं. देताना सगळ्यांना घाई असते, काढून घ्यायला कुणालाच नसते. मग सप्टेंबर उजाडतो, ‘त्याच्यासारखंच खातं हिलाही करून दे’ असा हुकूम येतो आणि तो सगळा गंज नव्या खात्यावर जसाच्या तसा उतरतो. पुढच्या सप्टेंबरात तिच्या खात्यावरून तिसऱ्याचं.

वेर्ण्याच्या एका ऑफिसात हे मी पाचव्या पिढीपर्यंत गेलेलं पाहिलं. बोभाटा झाला तोही चोरीने नाही. नुकताच लागलेला एक ट्रेनी मुलगा प्रामाणिकपणे येऊन म्हणाला, ‘सर, हे एक्स्पोर्टचं बटण मला कशाला दिलंय? दाबलं तर पूर्ण गोव्याची यादी येते.’ प्रत्येक हॉटेलच्या खरेदी-मॅनेजरचा मोबाइल नंबर, कुणाला कोणता दर दिला, करार कधी संपतो, सगळं एका फाइलमध्ये. ही फाइल घेऊन तो समोरच्या दुकानात गेला असता तर पाच वर्षांची मेहनत पेनड्राइव्हवर गेली असती. हक्क आला कुठून ते शोधायला बसलो तर सिस्टिमचा इतिहास तोकडा पडला. सेल्सफोर्समध्ये सेटिंग्जच्या बदलांची नोंद १८० दिवसांचीच मिळते. मूळ चूक त्याहून कितीतरी जुनी. शेवटी जुने मेल उकरून छडा लागला: मॅनेजर इस्पितळात असताना एका सीनियरला पंधरा दिवसांसाठी दिलेला हक्क. मॅनेजर बरे होऊन, निवृत्त होऊन घरी बसले, हक्क मात्र कामावरच. म्हणून सांगतो, ती नोंद दर तीन महिन्यांनी डाउनलोड करून ठेवत चला. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही यंत्रणांचे लॉग, म्हणजे कामकाजाच्या नोंदी, १८० दिवस जपायला सांगितले आहेत, पण अशा भानगडीत १८० दिवस म्हणजे काहीच नव्हेत.

शेठ म्हणतील, आपल्या छोट्या कंपनीला कोण विचारतंय. त्यांना २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं नाव सांगून ठेवा. माहिती सुरक्षित राखायची वाजवी काळजी घेतली नाही तर त्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तुमच्यावर तेवढा दंड बसेल असं मी म्हणत नाही. पण ‘नक्कल मारली, बघितलं नाही’ हे वाजवी काळजीचं उत्तर होत नाही.

तर मग करायचं कसं? संगणक बाजूला ठेवा आणि आधी एक तक्ता करा. आडव्या ओळींत पदं लिहा, माणसांची नावं नाहीत. तुमच्या धंद्यात मला ढोबळपणे चार पदं दिसतात: उत्तरेची विक्री, दक्षिणेची विक्री, सर्व्हिस तंत्रज्ञ आणि तंत्रज्ञांना कामं वाटून देणारा समन्वयक. म्हणजे माणसं नऊ असली तरी ठरवायच्या गोष्टी चारदाच ठरवायच्या. उभ्या रकान्यांत प्रश्न लिहा. कोणत्या तालुक्यांतले ग्राहक दिसतात? दर दिसतात का? नोंद बदलता येते का, काढून टाकता येते का? एक्स्पोर्ट आहे का? किती टक्क्यांपर्यंत सूट स्वतःच्या अधिकारात? त्यापुढे मंजुरी कुणाची? हा शेवटचा रकाना शेठना समोर बसवून भरा. तुम्ही एकट्याने भरलात तर उद्या भांडण तुमच्या माथी.

तंत्रज्ञाची ओळ जरा थांबून भरा. लोक तंत्रज्ञाला ‘त्याला काय कळतंय’ म्हणून विक्रीवाल्याचंच खातं नकलून देतात. काणकोणच्या हॉटेलात डिशवॉशर उघडून बसलेल्या माणसाला हव्या असतात तीन गोष्टी: यंत्राचा मागचा इतिहास, सुट्या भागांची यादी आणि तिथल्या माणसाचा फोन नंबर. कराराची रक्कम त्याला दिसायची गरज नाही. दिसली तर हॉटेलचा शेफ त्याच्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावतो आणि शेजारच्या हॉटेलला काय दर आहे तेही बघून घेतो. हे घडतं. आपल्याकडे सगळे सगळ्यांना ओळखतात, शेफ तर नक्कीच.

चारही पदांसाठी सॉफ्टवेअरमध्ये एकेक प्रोफाइल आणि लागतील तसे रोल बांधा. आता नमुन्याचं एकेक खातं करा: ‘नमुना विक्री उत्तर’, ‘नमुना तंत्रज्ञ’. भाषा, वेळेचं क्षेत्र, चलन, पहिल्या पानावर दिसणारा डॅशबोर्ड, हे सगळं त्यात नीट लावा. मग हे नमुने निष्क्रिय करून ठेवा. चालू ठेवलेत तर एक लायसन्स खाईल, आणि कुणीतरी एक दिवस त्याचा पासवर्ड लावून खुशाल वापरायला लागेल. नवीन माणूस आला की नक्कल या नमुन्याची करायची. कुणाला जास्तीचा हक्क हवाच असेल तर तो वेगळा, वरून, मुदत घालून द्या. सेल्सफोर्समध्ये परमिशन सेट (जास्तीच्या हक्कांचा छोटा गठ्ठा) देताना मुदतीची तारीख घालता येते आणि त्या दिवशी तो आपोआप निघून जातो. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नसेल तर मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये गजर लावा. मी अजूनही तेच करतो.

नऊ खाती एकेक न भरता सीएसव्ही फाइलने (एका ओळीत एक खातं, अशी साधी यादी) एकदम चढवता येतात का, ते बघा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये येतात. पण आधी एकच ओळ चढवून बघा. ती बरोबर उतरली तर उरलेल्या आठ. आणि ‘पासवर्ड तयार करून वापरकर्त्याला मेल पाठवा’ असा चौकोन दिसला तर त्यातली खूण तेव्हा काढून टाका. खातं आज, मेल जॉइनिंगच्या सकाळी.

लॉगिनचं नाव ठरवताना मात्र आपल्या गोव्याची एक अडचण आहे. नाईक, गावकर, नाहीतर फर्नांडिस. तुमच्या नऊ जणांत दोन नाईक निघाले नाहीत तर मला आश्चर्य वाटेल, आणि त्यांचं पहिलं अक्षरही एकच निघालं तर अजिबात वाटणार नाही. त्यात फर्नांडिसच्या इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी एस की झेड, याची गंमत वेगळी. सेल्सफोर्समध्ये तर लॉगिन ई-मेलसारखं दिसावं लागतं आणि ते जगभरातल्या त्यांच्या सगळ्या ग्राहक कंपन्यांत मिळून एकमेव असावं लागतं. म्हणजे तुमच्या ऑफिसात दुसरा कुणी नाईक नसला तरी ‘हे नाव आधीच घेतलंय’ असा निरोप येऊ शकतो. ते लॉगिन म्हणजे खरीखुरी मेलपेटी असलीच पाहिजे असं नाही. मेलचा रकाना वेगळा असतो. मी लॉगिनमध्ये कर्मचारी क्रमांक घालतो. लग्नानंतर आडनाव बदललं तरी लॉगिन बदलावं लागत नाही.

आता नकलेबरोबर गुपचूप येणाऱ्या गोष्टी. सॉफ्टवेअरगणिक यांत फरक पडतो, म्हणून नक्कल झाल्यावर एकेक डोळ्यांनी बघा. पहिली आणि सगळ्यात छळणारी, मेलच्या खालची सही. एका नवीन मुलाच्या खात्यात नाव बदललं, फोटो बदलला, सहीतला मोबाइल नंबर जुन्याचाच राहिला. जुना तोवर स्पर्धकाकडे नोकरीला. तीन आठवडे आमच्या मुलाने पाठवलेली कोटेशनं वाचून हॉटेलवाले थेट त्या जुन्याला फोन करत होते आणि तो अत्यंत प्रेमाने उचलत होता! त्याची काय चूक? फोन त्याचाच होता.

दुसरी, चौकश्यांचं वाटप. वेबसाइटवरून आलेली चौकशी पाळीपाळीने विक्रीवाल्यांना वाटली जाते. नक्कल त्याच टीममध्ये जन्माला आली की पाळीतही लगेच उभी राहते, मग तो माणूस कामावर आलेला असो वा नसो. तुमच्याकडे हे होणारच, कारण तुमची भरती चवथीच्या आसपास आहे. खातं आधी उघडून ठेवलं, मुलगा म्हणाला चवथ करून येतो, आणि ‘चवथ’ कधी पाच दिवसांची, कधी अकरा. तोवर दर चौथी चौकशी त्याच्या रिकाम्या खात्यात जाऊन पडते. हॉटेलवाला उत्तराची वाट बघतो आणि दुसरीकडून घेतो. खातं तयार ठेवा, पण वाटपाच्या यादीत नाव पहिल्या दिवशी सकाळी घाला.

तिसरी, ‘वरिष्ठ’ हा रकाना. मडगावच्या मुलाची नक्कल म्हापशाच्या मुलासाठी केली तर त्याच्या रजेची आणि सवलतीच्या दराची मंजुरी मडगावच्या मॅनेजरकडे जाते. तो म्हणतो हा कोण, आणि नामंजूर करतो. चौथी, ठरल्या वेळी मेलने येणारे रिपोर्ट. पाचवी, सिंगल साइन-ऑन (एकाच लॉगिनने सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये शिरायची सोय) असेल तर बाहेरच्या ओळखीचा क्रमांक. तो चुकून जुन्याचाच राहिला तर सिस्टिम एकतर अडवते, नाहीतर एकाला दुसऱ्याच्या दारातून आत घेते. दुसरा प्रकार वाईट.

आणि काय येत नाही, तेही सांगतो, नाहीतर पहिल्या दिवशी नऊ फोन तुम्हालाच येतील. पासवर्ड येत नाही, दुहेरी पडताळणीचं अॅप प्रत्येकाला स्वतःच्या मोबाइलवर जोडावं लागतं, मेलपेटी आणि कॅलेंडरची जोडणी प्रत्येकाने स्वतः करायची. जुन्याशी हाताने शेअर केलेल्या सुट्या नोंदीही येत नाहीत, आणि ते बरंच आहे. पहिल्या सकाळी नऊ जणांना एका खोलीत बसवून हे उरकून टाका. दीड तास लागेल.

एकाच खात्यावर दोघांनी काम करायचं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी लिहितो, कारण ते तुमच्या ऑफिसात होत असणार. चवथीला गावी जाताना पासवर्ड कागदावर लिहून कीबोर्डखाली ठेवायचा, ‘काही लागलं तर बघ गो’ म्हणून. मग परत आल्यावर कळतं की एका करारावरची सूट बदललीय आणि ती दोघांपैकी कुणीच बदललेली नाही. रजेवर जाणाऱ्याची चालू कामं तेवढ्या दिवसांपुरती समन्वयकाच्या नावे करा, किंवा टीमची सामायिक रांग असेल तर तीत टाका. दुहेरी पडताळणी चालू असली की कागदाचा प्रकार बराचसा आपोआप बंद होतो. नाहीतर कोड विचारायला आरतीच्या मध्यात फोन येतो आणि त्या माणसाला पुढच्या वर्षी आपोआप शहाणपण सुचतं.

राहिली ती दोन जुनी खाती. हे काम नव्यांच्या आधी, शक्य तर आजच करा. सोडून गेलेल्याचं खातं चालू म्हणजे त्याच्या मोबाइलमधलं अॅपही बहुधा चालूच. आधी लॉगिन अडवा. सेल्सफोर्समध्ये ‘फ्रीझ’ आहे: माणूस आत येऊ शकत नाही, पण खातं जागेवर राहतं. त्याने लायसन्स मोकळं होत नाही, श्वास घ्यायला वेळ मात्र मिळतो. त्या वेळात बघा, त्या नावावर काय काय लटकलंय. मालक न सापडलेल्या चौकश्या कुणाच्या नावावर जातात? हे नाव त्याचंच असेल तर सेल्सफोर्स खातं निष्क्रिय करूच देत नाही, आधी दुसरं नाव घाला म्हणते. इतरत्र देईलही, आणि मग चौकश्या कुठे जातात ते देवाला ठाऊक. वेबसाइटचा फॉर्म कुणाच्या लॉगिनने सीआरएमशी जोडलाय? ज्याने सुरुवातीला सेटिंग केलं त्याचंच लॉगिन तिथे चिकटलेलं असतं. ते खातं बंद केलं की फॉर्म मुका होतो, आणि कुठेही लाल अक्षरं दिसत नाहीत, फक्त चौकश्या येणं थांबतं. पावसाळ्यात असं झालं तर कुणाला शंकाही येत नाही, कारण पावसात धंदा थंडच असतो. असल्या जोडण्यांसाठी कुणाच्याच नावाचं नसलेलं एक वेगळं खातं ठेवा.

मग उघडी कामं नव्या मालकाकडे वळवा. फक्त उघडी: चालू चौकश्या, चालू करार, न केलेले फोन. बंद झालेले व्यवहार जुन्याच्याच नावावर राहू द्या; ते त्याने केले आहेत, आणि शेठना उद्या मागच्या वर्षीच्या विक्रीची तुलना हवी झाली तर आकडे त्याच नावाखाली सापडले पाहिजेत. हे झालं की निष्क्रिय करा. डिलीट शोधू नका. सेल्सफोर्समध्ये वापरकर्ता डिलीट होतच नाही, आणि जिथे होतो तिथेही करू नये.

या साफसफाईत कधीकधी एकाच माणसाची दोन खाती सापडतात, एक जीमेलवरचं आणि एक कंपनीच्या मेलवरचं. ग्राहकाच्या दोन नोंदी जोडायची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते, तशी वापरकर्त्यांची सहसा नसते. वापरातलं खातं ठेवा, दुसऱ्यावरची उघडी कामं त्यात आणा, दुसरं निष्क्रिय करा. एवढंच.

शेवटची तपासणी नवीन माणूस शेजारी बसवून करा, त्याच्याच लॉगिनने. त्याला चार गोष्टी करायला सांगा. एक नवीन ग्राहक टाक. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका हॉटेलचं नाव शोध. ते सापडता कामा नये. २० टक्के सूट घालून कोटेशन करून बघ. मंजुरीसाठी अडकलं पाहिजे, आणि तुझ्याच मॅनेजरच्या नावावर. मग म्हणा, ग्राहकांची यादी उघड आणि मला एक्स्पोर्टचं बटण दाखव. तो स्क्रीनभर शोधत राहिला आणि म्हणाला ‘ताई, दिसत नाही गो’, तर नव्या माणसांच्या यादीत त्याच्या नावापुढे तारीख घाला आणि पुढच्याला बोलवा.